अनुभवाची अट लिहितं कोण?

‘ज्युनिअर साइट इंजिनिअर पाहिजे. पात्रता: सिव्हिलची पदवी. अनुभव: किमान तीन वर्षं.’ नोकरी शोधणाऱ्या प्रत्येक नव्या सिव्हिल इंजिनिअरला ही जाहिरात तोंडपाठ असते. जागा सगळ्यात खालची, पगार नवख्याचा आणि अट मात्र मुरलेल्या माणसाची. पुढचं चक्रही ठरलेलं. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. काही महिने अर्ज करून झाले की मुलं स्वतःवरच शंका घ्यायला लागतात. मग सल्ले सुरू होतात. एखादं सॉफ्टवेअर शिकून घे. बायोडेटा नीट लिही. ओळखी काढ. कुणी म्हणतं, पुढचं शिक्षण घे, तेवढीच दोन वर्षं निघतील.

या सल्ल्यांत वाईट काही नाही. पण ते सगळे एक गोष्ट धरून चालतात की उणीव अर्ज करणाऱ्यात आहे. बांधकामात उभं आयुष्य काढल्यावर आणि मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसल्यावर मला हे अजिबात पटत नाही. अनुभवाची ही अट पुष्कळदा कंपनीच्या भरती विभागात तयारच होत नाही. ती त्याच्या कितीतरी आधी निविदेत लिहिली गेलेली असते. आणि रस्ते, पूल, धरणं, पाणीयोजना यांच्या निविदा काढणारी खाती लोकांच्या पैशावर चालतात. म्हणून नवख्या इंजिनिअरची पहिली नोकरी हा त्याच्या घरचा प्रश्न राहत नाही, तो सार्वजनिक प्रश्न होतो.

कुठल्याही मोठ्या कामाची निविदा उघडून पाहा. त्यात ‘की पर्सोनेल’ म्हणजे कामावरच्या प्रमुख माणसांचं एक प्रकरण असतं. प्रोजेक्ट मॅनेजरला पंधरा वर्षांचा अनुभव, त्यातली काही वर्षं अशाच कामावर. मटेरियल इंजिनिअरला दहा वर्षं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दहा. साइट इंजिनिअरला पाच. आकडे कामागणिक बदलतात, साचा तोच राहतो. जागतिक बँकेच्या कर्जातून होणाऱ्या कामांच्या नमुना निविदांतही प्रमुख माणसांची पात्रता आणि अनुभव मागितलेला असतो. सल्लागार कंपनी निवडताना तर प्रत्येकाच्या सीव्हीला गुण मिळतात आणि त्या गुणांवर काम मिळतं किंवा जातं. त्या तक्त्यात नुकत्याच पदवी घेतलेल्या माणसाला गुण किती? शून्य. पुढे काम सुरू झालं की सल्लागाराचं बिल महिनेवारी निघतं, तेही मंजूर झालेल्या सीव्हींचंच. नवा इंजिनिअर ठेवला तर त्याचा पगार कंपनीच्या खिशातून जातो.

ठेकेदाराची गोष्ट याहून सरळ आहे. काम सगळ्यात कमी दराला मिळतं. दर खाली आणायचा तर सिमेंट आणि लोखंडाला फारसा हात लावता येत नाही, मग कात्री ओव्हरहेडला, म्हणजे ऑफिस, देखरेख अशा वरखर्चाला लागते. ओव्हरहेडमध्ये आधी काय जातं? ज्याच्याशिवाय आजचं काम अडत नाही ते. शिकाऊ माणूस नेमका त्यात बसतो. खाजगी इमारती बांधून घेणारे लोकही सरकारी निविदांचीच भाषा उचलतात आणि अट तिकडेही पोचते.

निविदा लिहिणाऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याच्या जागी बसून पाहिलं तर त्याचंही चुकत नाही. पूल त्याला नीट हवा आहे, म्हणून त्यावर जाणती माणसं हवी आहेत. एका कामापुरता हा विचार अगदी बरोबर आहे. घोळ होतो तो सगळी कामं एकत्र पाहिली की. प्रत्येक निविदा तयार माणूस मागते आणि तयार करायची जबाबदारी एकही निविदा उचलत नाही. मग पंधरा वर्षांनी प्रोजेक्ट मॅनेजर येणार कुठून?

इथे पदवी म्हणजे काय हे स्पष्ट बोललं पाहिजे, कारण ‘कॉलेजातून तयार होऊनच का येत नाहीत’ हा प्रश्न मुलाखतीच्या खोलीत हमखास निघतो. 1989 मध्ये झालेल्या वॉशिंग्टन करारानुसार सही करणारे देश एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्यांची पातळी सारखी मानतात. त्या व्यवस्थेत पदवीधराकडून काय अपेक्षा ठेवायची आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्या व्यावसायिक इंजिनिअरकडून काय, याच्या याद्या वेगवेगळ्या ठेवलेल्या आहेत. दोन्हींच्या मध्ये देखरेखीखाली केलेल्या कामाचा काळ गृहीत धरलेला आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पदवीधर आधी मूलभूत विषयांची परीक्षा देतो, मग साधारण चार वर्षं परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली काढतो, आणि हा अनुभव व परवान्याची परीक्षा दोन्ही झाल्यावरच त्याला परवाना मिळतो. ब्रिटनमध्येही चार्टर्ड, म्हणजे मान्यताप्राप्त व्यावसायिक इंजिनिअर होण्याआधी कामावरच्या प्रशिक्षणाचा टप्पा असतो. म्हणजे अर्धं शिक्षण पदवीनंतर होतं हे सगळी व्यवस्था लेखी कबूल करते. हे उरलेलं अर्धं शिक्षण कुणी द्यायचं, यावर मात्र ती गप्प आहे. परवान्यासाठी कायदा अनुभव मागतो, पण तो अनुभव देण्याचं बंधन कुणावरच टाकत नाही. फट आहे ती इथे, आणि बाविशीचा इंजिनिअर तिच्यातच अडकतो.

या पेशाची सुरुवात अशी नव्हती. पॅरिसमध्ये 1747 मध्ये पूल आणि रस्त्यांच्या इंजिनिअरांसाठी शाळा निघाली आणि झाँ-रोदोल्फ पेरोने तिचे प्रमुख झाले. त्या शाळेत सुरुवातीला कायमचे प्राध्यापक नव्हते. पुढे गेलेले विद्यार्थी मागच्यांना शिकवायचे आणि वर्षातला काही काळ प्रत्यक्ष कामांवर जायचे. इंग्लंडमध्ये एडिस्टनचा दीपस्तंभ बांधणारे जॉन स्मीटन स्वतःला सिव्हिल इंजिनिअर म्हणवून घेत, आणि पुढे कालवे व बंदरांचं मोठं काम उभं करणारे विल्यम जेसॉप त्यांच्याच हाताखाली तयार झाले. 1818 मध्ये लंडनच्या एका कॉफी हाउसमध्ये काही तरुण इंजिनिअर जमले आणि त्यांनी इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सची स्थापना केली. शिकायला धड जागा नव्हती, म्हणून एकमेकांकडून शिकायचं, एवढाच त्यांचा साधा हेतू. दोन वर्षांनी थॉमस टेलफर्ड त्यांचे पहिले अध्यक्ष झाले. टेलफर्ड मूळचे पाथरवट. शिष्य ठेवणं हा तेव्हा कामाचा भाग होता. आज त्याला खर्च म्हणतात.

हे शिक्षण कामावरच का होतं, हे एका छोट्या गोष्टीवरून सांगतो. बाल्कनीचा स्लॅब भिंतीतून बाहेर आलेला असतो, पुढच्या टोकाला आधार नसतो. त्यात ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळ्या वरच्या थरात लागतात. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही हे आकृती काढून दाखवेल. ड्रॉइंगवर सळ्या वरच असतात, आदल्या संध्याकाळी तपासणी होते तेव्हाही त्या वरच असतात. सकाळी पंप सुरू होतो. काँक्रीटने भरलेला पाइप जड असतो, तो ओढणारी चार माणसं त्या जाळीवरूनच चालतात, पाय पडला की सळी दबते आणि तिला वर धरून ठेवणारा लोखंडी टेकू, म्हणजे ‘खुर्ची’, आडवा होतो. वर काँक्रीट पडलं की सगळं झाकलं जातं. स्लॅब गुळगुळीत दिसतो, आणि वर हवं असलेलं लोखंड तळाशी जाऊन बसलेलं असतं. सेंटरिंग, म्हणजे खालचा तात्पुरता आधार, काढल्यावर भिंतीलगत वरच्या अंगाला तडा जातो. नशीब वाईट असेल तर अख्खी बाल्कनी खाली येते.

एका कामावर मी एका नव्या मुलीला हे पकडताना पाहिलं आहे. तिला रुजू होऊन दोनेक महिने झाले असतील. पाइप फिरवताना बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या खुर्च्या कोलमडल्या, तशी ती पुढे झाली. ‘दादा, पंप थांबवा. वरची जाळी खाली गेलीय.’ मिस्त्री वैतागला. गाडीतलं काँक्रीट ताटकळत होतं, मागे दुसरी गाडी उभी होती. पण पंप थांबला. सळ्या उचलल्या, खुर्च्या नीट लावल्या, चालायला फळ्या टाकल्या आणि काम पुन्हा सुरू झालं. तिला हे कुठून कळलं? तिच्या वरिष्ठ इंजिनिअरने आदल्या दिवशी तिला त्या जाळीपाशी उभं करून सांगितलं होतं: ‘उद्या तू फक्त इथे लक्ष ठेवायचं. सळी दबली की थांबवायचं, मी तुझ्या मागे आहे.’ ‘मी तुझ्या मागे आहे’ या शब्दांमुळे पंप थांबला. ते पाठीशी नसतं तर दोन महिन्यांच्या मुलीने काँक्रीटची गाडी अडवली नसती, आणि अडवली असती तरी मिस्त्रीने ऐकलं नसतं.

सीव्हीवरच्या वर्षांना आपण सुरक्षिततेची हमी समजतो. 1907 मधला क्वेबेकच्या पुलाचा अपघात या समजुतीला फार मोठा धक्का देतो. सेंट लॉरेन्स नदीवरच्या त्या पुलाचे सल्लागार होते थिओडोर कूपर. त्या काळात पुलांच्या कामातलं फार मोठं नाव. पण ते न्यूयॉर्कला बसून काम पाहत. जागेवर त्यांचा माणूस होता नॉर्मन मॅक्ल्युअर, 1904 मध्ये प्रिन्स्टनहून पदवी घेतलेला. ऑगस्टमध्ये पुलाच्या खालच्या दाबाच्या भागांमध्ये वाक दिसायला लागला. मॅक्ल्युअरने तो मोजला. एका भागातला वाक काही दिवसांतच वाढून दोन इंचांच्या वर गेला होता. साइटवर वाद सुरू झाला. कुणी म्हणालं, हे भाग आधीपासूनच वाकलेले असतील. अखेर मॅक्ल्युअर स्वतः न्यूयॉर्कला गेला. 29 ऑगस्टला कूपरनी त्याचं ऐकलं आणि पूल बांधणाऱ्या कंपनीच्या कचेरीला तार केली की पुलावर आणखी भार टाकू नका. साइटवरचं काम थांबलं नाही. त्याच संध्याकाळी पूल नदीत कोसळला आणि 75 कामगार मेले.

चौकशी आयोगाने मूळ दोष काढला तो डिझाइन करणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या अनुभवी इंजिनिअरांच्या निर्णयांत. वाक मोजला होता पदवीला जेमतेम तीन वर्षं झालेल्या तरुणाने. त्याच्यापाशी पारखी नजर होती, काम थांबवण्याचा अधिकार नव्हता. ज्यांच्याकडे अधिकार होता ते शेकडो मैल दूर होते. म्हणजे एकीकडे अनुभव होता आणि दुसरीकडे तरुण डोळे होते. दोघं एका जागी, एकाच कामावर नव्हते. आपल्या आजच्या निविदा अनुभवाची वर्षं मोजतात, पण अनुभवी माणूस कुणाला काय दाखवतो आहे, हे विचारतच नाहीत.

आता मालकांची बाजू. ती मी अनेकदा ऐकली आहे आणि ती खोटी नाही. ‘दोन वर्षं शिकवतो, चुका सोसतो आणि मग शेजारची कंपनी थोडा जास्त पगार देऊन उचलून नेते.’ होतं असं. पण कुणीच शिकवलं नाही तर शेजारची कंपनी उचलणार कुणाला? सगळेच फळ तोडायला आले आणि झाड लावायला कुणीच नाही, अशी ही गत आहे. 2008 च्या मंदीनंतर हे पुष्कळ देशांना कळलं. आयर्लंड आणि स्पेनमध्ये बांधकाम कोसळलं, नवी भरती आटली, तरुण इंजिनिअर परदेशी गेले किंवा पेशाच सोडून गेले. पुढे कामं परत आली तेव्हा मधल्या फळीतली माणसं मिळेनात. जी भरती त्या वेळी झाली नाही, तिची उणीव दहा वर्षांनी भासते आणि दहा वर्षांचा माणूस दोन महिन्यांत तयार करता येत नाही. एकट्या कंपनीच्या चांगुलपणावर हे सोडलं तर शिकवणारी कंपनी दरात मागे पडते आणि न शिकवणारी काम घेऊन जाते. म्हणून हा भार सगळ्यांवर सारखा पडायला हवा, आणि तसा तो फक्त काम देणाराच टाकू शकतो.

‘कॉलेजांनीच हे करावं’ हा दुसरा आक्षेप. कॉलेजांनी नक्कीच करावं, आणि करून दाखवलेलंही आहे. सिनसिनाटी विद्यापीठात सिव्हिल शिकवणाऱ्या हर्मन श्नायडर यांनी 1906 मध्ये 27 विद्यार्थी घेऊन आलटून-पालटून वर्ग आणि काम अशी पद्धत सुरू केली. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ 1957 पासून हेच करत आलं आहे. तिथे चार महिने वर्ग आणि चार महिने पगारी काम, असं चालतं. पदवी घेईपर्यंत मुलांच्या पदरी दीड-दोन वर्षांचं काम असतं. पण यातही दुसऱ्या टोकाला कुणीतरी कामावर घेणारा लागतोच. उद्योगाने दार उघडलं नाही तर कॉलेज मुलांना पाठवणार कुठे? सुट्टीत महिनाभर साइटवर जाऊन सही-शिक्क्याचं पत्र आणणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, हे मुलांनाही कळतं आणि पत्र देणाऱ्यालाही.

काम देणाऱ्याने अट घातली तर काय होतं, याचा दाखला लंडनच्या क्रॉसरेल या भुयारी रेल्वेच्या प्रकल्पात मिळतो. ठेकेदारांनी शिकाऊ माणसं घ्यायचीच, हे तिथे कंत्राटातच घातलं होतं. 2011 मध्ये बोगद्याचं काम शिकवणारी एक वेगळी अकादमी इलफर्डला उघडली गेली. प्रकल्प संपेपर्यंत हजाराहून जास्त अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ माणसं, त्या प्रकल्पावर तयार झाली. त्यातले बरेच पदवीधर नव्हते, कारागीर आणि तंत्रज्ञ होते, त्यामुळे हे उदाहरण आपल्या प्रश्नाला जसंच्या तसं लागू पडत नाही. तो प्रकल्प उशिरा संपला आणि खर्चही वाढला, हेही खरं. पण शिकवण्याची अट घातली की ठेकेदार पळून जातात, ही भीती तिथे खरी ठरली नाही. अट सगळ्यांना एकच होती, म्हणून सगळ्यांनी ती दरात धरली.

निविदेत काय बदलावं याबद्दल माझं म्हणणं असं. ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक सार्वजनिक कामात, ठेकेदाराकडे आणि देखरेख करणाऱ्या सल्लागाराकडेही, पदवीला दोन वर्षं पुरी न झालेल्या इंजिनिअरांसाठी काही जागा राखाव्यात. त्यांचा पगार बिल ऑफ क्वांटिटीजमध्ये, म्हणजे निविदेतल्या कामांच्या आणि दरांच्या यादीत, स्वतंत्र बाब म्हणून यावा, आणि तोही प्रोव्हिजनल समसारखा, म्हणजे रक्कम काम देणाऱ्याने आधीच ठरवलेली आणि दरांच्या स्पर्धेबाहेर ठेवलेली. हा तपशील कोरडा वाटेल, पण सगळं अडतं ते यावरच. ही बाब ओव्हरहेडमध्ये सोडली तर कमी दराच्या शर्यतीत ती पहिल्या दिवशीच उडणार. सुरक्षेच्या खर्चाचं पूर्वी असंच व्हायचं. हेल्मेट आणि जाळ्यांवरचा खर्च दर खाली आणायला कापला जायचा. जिथे त्याची वेगळी बाब झाली, तिथे तो खर्च व्हायला लागला.

पण नुसत्या जागा राखल्या तर त्याचाही खेळ होईल, हे मी जाणून आहे. नवख्याला घ्यायचं, खुर्चीत बसवायचं आणि वर्षभर हजेरीपट आणि चलनं लिहायला लावायची. म्हणून प्रत्येक नव्या इंजिनिअरमागे एका जाणत्या इंजिनिअरचं नाव लिहिलेलं असावं आणि तो माणूस त्याच साइटवर हजर असावा. नव्याने काय पाहिलं, काय तपासलं याची वही असावी. पायाच्या खोदाईची पातळी घेतली का. सळ्यांच्या मापांची यादी ड्रॉइंगशी ताडून पाहिली का. ओलं काँक्रीट किती पातळ आहे हे दाखवणारा स्लम्प स्वतःच्या हाताने काढला का, कोनमधल्या प्रत्येक थराला 25 ठोके देऊन, की लॅबच्या मुलाने काढलेला आकडा उतरवून घेतला. काँक्रीटच्या ताकदीचा सात दिवसांचा निकाल कमी आला तेव्हा 28 दिवसांची वाट पाहायची की चौकशी सुरू करायची, हे कुणी समजावलं का. झालेल्या कामाचं मोजमाप लिहिलं का आणि ते कुणी तपासलं. ही वही जाणत्या इंजिनिअरने दर महिन्याला पाहून सही करावी. सल्लागाराच्या सीव्हीला गुण देताना ‘गेल्या पाच वर्षांत किती जणांना तयार केलं’ यालाही गुण असावेत. मग माणसं शिकवण्याला बाजारात किंमत येईल आणि शिकवणाऱ्या वरिष्ठाला कंपनी टिकवून ठेवेल.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण त्यांच्यापुढे दोन दारं बंद असतात. अनुभवाच्या अटीतून कशाबशा सुटल्या की ‘साइटवर मुलगी कशी राहील’ हे येतं. मग चांगल्या मुलींना ऑफिसात ड्रॉइंग आणि बिलिंगवर बसवतात आणि पाच वर्षांनी ‘साइटचा अनुभव नाही’ म्हणून तीच अट पुन्हा त्यांच्या तोंडावर येते. साइटवर स्वच्छतागृह, कपडे बदलायला खोली आणि रात्री परत जायला गाडी, एवढं लागतं. राखीव जागांच्या अटीत हे कलम शब्दशः लिहिलं पाहिजे, नाहीतर त्या जागा मुलग्यांनीच भरतील.

निविदा बदलायला वेळ लागेल आणि यंदा पदवी घेतलेल्या मुलांना तोवर थांबता येणार नाही. त्यांच्याशी थोडं थेट बोलतो. जाहिरातीतली तीन वर्षं पाहून अर्ज टाकायचं थांबू नका. निविदेत ज्या माणसांची नावं द्यावी लागतात त्या जागांना अट कडक असते, पण त्यांच्या हाताखालच्या जागांना पुष्कळदा तीच ओळ सवयीने चिकटवलेली असते. मोठ्या नावांच्या मागे सगळेच लागतात. मटेरियल तपासणारी लॅब, सर्व्हे करणाऱ्या टोळ्या, फॉर्मवर्क (काँक्रीटचे साचे) आणि स्कॅफोल्डिंगचं (पराती) डिझाइन करणाऱ्या कंपन्या, काँक्रीटचे तयार भाग ओतणारे प्रीकास्टचे कारखाने, जुने पूल तपासणारे सल्लागार, पाइपलाइनचे छोटे ठेकेदार इकडे फार कमी अर्ज जातात. लॅबमध्ये ताकद तपासायला वर्षभर काँक्रीटचे क्यूब फोडलेला माणूस काँक्रीटबद्दल जे शिकतो, ते मोठ्या कंपनीच्या कोपऱ्यात बसून एक्सेल भरणारा शिकत नाही. सॉफ्टवेअर जरूर शिका. पण स्टॅड किंवा ईटॅब्ससारख्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरने काढलेलं उत्तर हाताने ढोबळ ताडून पाहता येत नसेल तर त्या प्रमाणपत्राचा मुलाखतीत काहीच उपयोग होत नाही. मुलाखतीत मी एखाद्या साध्या आधारावर टेकलेल्या बीमचा मोमेंट, म्हणजे त्याला वाकवणारा जोर, अंदाजाने विचारतो. सूत्र आठवलं नाही तरी चालतं, पण आकडा शंभरपट चुकला आणि तो खटकलाही नाही, तर मला काळजी वाटते.

मुलाखतीत तुम्हीही विचारा. माझा वरिष्ठ कोण? तो साइटवर असतो की महिन्यातून एकदा येतो? पहिल्या तीन महिन्यांत मला कोणतं काम असेल? ड्रॉइंग माझ्या हातात येतील का? या प्रश्नांना जिथे सरळ उत्तर मिळतं, तिथे पगार थोडा कमी असला तरी जा. जिथे हसून टाळलं जातं, तिथे हुद्दा कितीही भारी असला तरी दोनदा विचार करा. फुकट मात्र राबू नका. ‘सहा महिने बिनपगारी कर, मग बघू’ म्हणणारा शिकवत नसतो, मजुरी वाचवत असतो. आणि ज्याचं घर त्याला सहा महिने पोसू शकत नाही, त्याला तो दारातूनच परत पाठवत असतो. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्यापासून तर लांबच राहा.

खोट्या अनुभवपत्रांचाही विषय निघायलाच हवा. अट अशी बेतलेली आहे की ती माणसाला खोटं बोलायला ढकलते, हे मला दिसतं. ओळखीच्या ठेकेदाराच्या लेटरहेडवर दोन वर्षं लिहून घेणं सोपं असतं. पण त्या कागदाच्या जोरावर उद्या सेंटरिंग काढायला परवानगी देण्याची सही तुमच्याकडे येते, स्पॅन किती आणि काँक्रीटचं वय किती हे तुम्हाला कळत नसतं, आणि खाली माणसं काम करत असतात. ते कुणीही करू नये. आणि असे कागद डोळे झाकून फाइलला लावणाऱ्या कंपन्यांना पुढच्या निविदेतून बाहेर ठेवलं पाहिजे, कारण पकडला जातो तो पोरगा आणि काम मिळवलेलं असतं कंपनीने.

इंजिनिअरांच्या संघटना या सगळ्यात फार मवाळ राहिल्या आहेत. त्या परिषदा भरवतात, पुरस्कार देतात, तरुणांसाठी करिअर मार्गदर्शनाची सत्रं घेतात. निविदांचे नमुने तयार होतात तेव्हा मात्र हे मत घेऊन त्या टेबलाशी जात नाहीत. खरं तर नमुना निविदेतलं एक पान बदलायचं आहे. ‘की पर्सोनेल’च्या तक्त्यात सगळ्यात खाली एक ओळ वाढवायची: पदवीधर इंजिनिअर, अनुभव शून्य ते दोन वर्षं, संख्या इतकी, मार्गदर्शक इंजिनिअरचं नाव अमुक. आणि बिलांच्या कलमात दुसरी ओळ: या बाबीचं पेमेंट महिन्याची वही तपासल्यावर होईल, आणि वह्या पुऱ्या नसतील तर अंतिम बिल अडेल. पुढच्या वेळी नमुना निविदा सुधारायला येईल, तेव्हा सूचना मागवण्याची मुदत संपायच्या आत या दोन ओळी लेखी स्वरूपात त्या खात्याच्या टेबलावर पोचल्या पाहिजेत.